सीबीसीच्या रिपोर्टमधला एनएलआर आणि हृदयरोहिण्यांतले अडथळे: नातं किती खरं, किती ताणलेलं?

टिपकागद

काही लॅब हल्ली सीबीसीच्या (रक्तपेशींच्या मोजणीच्या) रिपोर्टमध्ये नेहमीच्या आकड्यांखाली एनएलआर, पीएलआर, क्वचित एसआयआय अशा ओळी छापतात. आकड्यापुढे 'जास्त' असा शेरा दिसला की माणूस मोबाइलवर शोधतो आणि 'एनएलआर आणि हृदयविकाराची तीव्रता' असं काहीतरी समोर येतं. पुढची रात्र झोपेविना जाते. मी पॅथॉलॉजीत काम करते, असे घाबरलेले लोक नेहमी भेटतात, म्हणून हा धागा.

एनएलआर म्हणजे न्यूट्रोफिलच्या संख्येला लिम्फोसाइटच्या संख्येने भागून येणारा आकडा. दोन्ही पांढऱ्या पेशीच. न्यूट्रोफिल ६६ टक्के आणि लिम्फोसाइट २२ टक्के असतील तर एनएलआर ३. निरोगी प्रौढांत तो साधारण १ ते ३ असतो. पीएलआरमध्ये वर प्लेटलेट येतात. एसआयआयमध्ये प्लेटलेटना न्यूट्रोफिलने गुणून लिम्फोसाइटने भागतात. एनएलआर टक्केवारीवरून काढता येतो, एसआयआयमध्येही न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट टक्क्यांत घेतले तरी चालतात, पण पीएलआरसाठी लिम्फोसाइटची प्रत्यक्ष संख्या लागते. टक्के घालून पीएलआर काढला तर येणाऱ्या आकड्याला काहीच अर्थ नसतो.

आता हृदयाशी संबंध. रोहिणीत चरबी साचते आणि पाइप तुंबतो, हे चित्र अर्धवट आहे. रोहिणीच्या भिंतीतल्या या आजारात दाह (इन्फ्लेमेशन) असतो हे रुडॉल्फ फिरशो यांनी एकोणिसाव्या शतकातच मांडलं होतं. १९९९मध्ये रसेल रॉस यांनी 'हा दाहाचाच आजार आहे' असं ठामपणे लिहिलं आणि विचाराची दिशा पालटली. एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, भिंतीत शिरतं, तिथे त्याचं ऑक्सिडीकरण होतं, मोनोसाइट या पांढऱ्या पेशी मागोमाग आत येतात, चरबी गिळून फुगतात आणि तिथेच मरतात. त्यातून प्लाक तयार होतो. न्यूट्रोफिल संख्येने कमी असले तरी त्यांची विकरं प्लाकवरचं तंतुमय आवरण पातळ करतात. मरताना ते स्वतःच्या डीएनएचं जाळं बाहेर फेकतात (हे २००४मध्ये कळलं) आणि त्या जाळ्यावर रक्ताची गुठळी सहज धरते. दुसऱ्या बाजूला, शरीर ताणाखाली असलं की कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक वाढतं आणि रक्तातले लिम्फोसाइट कमी होतात. म्हणजे अंश दाहामुळे वाढतो, छेद ताणामुळे घटतो. दोन्ही गोष्टी एकाच आकड्यात येतात म्हणून संशोधकांना तो आवडतो. २००१मध्ये झाहोरेक यांनी अतिदक्षता विभागातल्या रुग्णांसाठी तो सुचवला होता. २००५मध्ये हॉर्न आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हृदयरुग्णांचं पुढे काय होईल याचा अंदाज एकूण पांढऱ्या पेशींपेक्षा या गुणोत्तरावरून अधिक चांगला येतो.

त्यानंतर अभ्यासांची रीघ लागली. बहुतेकांचा साचा एकच: अँजिओग्राफी झालेले रुग्ण घ्यायचे, जेन्सिनी किंवा सिंटॅक्स गुणांवरून अडथळे किती गुंतागुंतीचे आहेत ते मोजायचं, गट पाडायचे आणि प्रत्येक गटाचा सरासरी एनएलआर पाहायचा. जास्त गुणांच्या गटात सरासरी एनएलआर जास्त, हे पुष्कळ ठिकाणी दिसलं आहे. ते खोटं नाही.

माझं म्हणणं इतकंच आहे की गटांबद्दलचं हे सत्य एका माणसाच्या रिपोर्टला लावता येत नाही. तुमचा एनएलआर ४ आला म्हणून तुमच्या किती रोहिण्या बंद आहेत हे मी सांगू शकत नाही. कोणीच सांगू शकत नाही. दाहाचं विज्ञान मात्र खरं आणि महत्त्वाचं आहे, त्यातून उपचारही निघाले आहेत. त्यावर बोलूच.

आडवाट

अगदी वेळेवर धागा काढलात. माझ्या वडिलांचं वय ६८, मधुमेह आहे. परवाच्या सीबीसीत एनएलआर ५.८ आलाय. एका नातेवाइकांनी तो वाचून लगेच अँजिओग्राफी करून घ्या म्हणून घोषा लावलाय. आई तेव्हापासून घाबरून बसलीय. वडिलांना छातीत संसर्ग झाला होता, अजून औषधं चालू आहेत, त्यात स्टेरॉईडच्या गोळ्याही आहेत. काय करावं?

टिपकागद

आडवाट, या आकड्यामागची दोन कारणं तुम्हीच लिहिली आहेत. जिवाणूंच्या संसर्गात न्यूट्रोफिल वाढतात, ते त्यांचं कामच आहे. स्टेरॉईडमुळे रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसलेले न्यूट्रोफिल सुटून प्रवाहात येतात, अस्थिमज्जेतून नवे बाहेर पडतात आणि लिम्फोसाइट घटतात. संसर्ग नसता तरी नुसत्या स्टेरॉईडने एनएलआर इतका चढू शकतो. या स्थितीत त्यावरून हृदयाबद्दल काहीही ठरवता येणार नाही. स्टेरॉईड मात्र मनाने थांबवू नका, डॉक्टरांनी सांगितलं असेल तसंच कमी करत न्या.

हृदयाबद्दल विचारायचं ते वेगळं. चालताना, जिना चढताना छातीत दाब येतो का, जबडा किंवा हात भरून येतो का, पूर्वी सहज व्हायचं त्या कामाला आता धाप लागते का? मधुमेहात दुखणं नेहमीच्या पद्धतीने जाणवेलच असं नाही, म्हणून धाप आणि थकव्याकडे जास्त लक्ष द्या. यातलं काही असेल तर एनएलआर १.५ असला तरी डॉक्टरांकडे जायला हवं. अचानक छातीत दुखून घाम फुटला तर मात्र उद्यावर न ढकलता लगेच.

निळाई

मी हृदयरोग विभागात काम करते. टिपकागद यांच्या सिंटॅक्सच्या मुद्द्यात एक भर घालते, कारण 'तीव्रता' म्हटल्यावर आपण नक्की काय मोजतो याकडे सहसा कोणी पाहत नाही.

सिंटॅक्स गुण अडथळे कुठे आहेत, किती आहेत, फाट्यावर आहेत का, रोहिणी पूर्ण बंद आहे का, कॅल्शियम किती आहे यावरून काढतात. २२पर्यंत कमी, २३ ते ३२ मध्यम, ३३ आणि पुढे जास्त. स्टेंट की बायपास हे ठरवताना त्याचा उपयोग होतो. पण तो अडथळ्यांचा नकाशा आहे, त्या अडथळ्यांत आत्ता काय चाललंय हे त्यात दिसत नाही. कित्येक वर्षांपूर्वी पूर्ण बंद झालेली, कॅल्शियमने कडक झालेली रोहिणी भरपूर गुण मिळवते, पण तिथला दाह शांत झालेला असू शकतो. उलट, रोहिणी जेमतेम ४० टक्के अरुंद करणारा मऊ, धगधगता प्लाक गुणांत धरलाच जात नाही, कारण मोजणी ५० टक्क्यांपासून पुढे होते. आणि तोच फुटून हार्ट अटॅक येऊ शकतो. दाहाचा आकडा आणि नकाशाचे गुण पूर्णपणे जुळावेत अशी अपेक्षाच मुळात चुकीची आहे. जुळतात ते ढोबळमानाने, आणि त्यातला बराच भाग वय, मधुमेह, धूम्रपान, मूत्रपिंडाचे आजार यांच्यामुळे. या सगळ्यांनी अडथळेही वाढतात आणि एनएलआरही वाढतो.

हार्ट अटॅकमध्ये चित्र थोडं वेगळं. अटॅकनंतर काही तासांतच न्यूट्रोफिल चढतात, लिम्फोसाइट उतरतात. ज्यांचा एनएलआर फार चढतो त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण जास्त दिसतं, हे पुष्कळ अभ्यासांत आलंय. पण तिथे तो हृदयाच्या स्नायूचं किती नुकसान झालं याचा पडसाद असतो. कारण आधी की परिणाम, हे त्या एका नमुन्यातून वेगळं करता येत नाही.

आमचे निर्णय ईसीजी, ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन), एको (हृदयाची सोनोग्राफी) आणि लक्षणांवर होतात. धोका मोजायला ग्रेस गुण वापरतात. त्यात वय, नाडी, रक्तदाब, क्रिएटिनिन वगैरे येतं. एनएलआर त्यात नाही.

संख्यावेडा

निबंधांत 'अर्थपूर्ण फरक' असं लिहिलेलं असतं, त्याचा वाचकाला काय उपयोग ते आकड्यांनी दाखवतो. खालचे आकडे समजण्यासाठी मी धरलेले आहेत, कुठल्या अभ्यासातले नाहीत.

समजा एनएलआर ३च्या वर गेला की 'गंभीर' म्हणायचं ठरवलं. खऱ्या गंभीर रुग्णांपैकी ७० टक्के या चाळणीत सापडतात आणि गंभीर नसलेल्यांपैकी ६५ टक्के बरोबर बाहेर राहतात. आता १००० माणसं घ्या, त्यांत १०० जणांना गंभीर आजार आहे. चाळणीत त्यातले ७० सापडतील. पण उरलेल्या ९०० पैकी ३१५ जणही 'गंभीर' ठरतील. म्हणजे ३८५ लोकांना धसका बसेल आणि त्यातले खरे ७०, जेमतेम १८ टक्के. आणि ३० खरे रुग्ण 'तुमचं ठीक आहे' असं ऐकून घरी जातील. मला या ३० जणांची जास्त काळजी वाटते.

आता तीच चाळणी अँजिओग्राफीसाठी आलेल्या १००० जणांना लावा, जिथे ४०० गंभीर आहेत. २८० खरे, २१० खोटे. अचूकता एकदम ५७ टक्क्यांवर! चाळणी तीच, बदलली ती माणसं. बहुतेक अभ्यास अशाच आधीच निवडलेल्या रुग्णांवर झालेले असतात, म्हणून त्यांतले आकडे घरबसल्या रिपोर्ट वाचणाऱ्याला लागू करता येत नाहीत.

दुसरी गोष्ट, सीमारेषा. ती ज्या रुग्णांवरून काढतात त्यांच्यावरच तपासतात, त्यामुळे ती जितकी चांगली भासते तितकी नसते. म्हणूनच एका ठिकाणी सीमा २.५ निघते आणि दुसरीकडे ४च्या आसपास. रक्तातल्या साखरेसारखी सगळ्यांनी मान्य केलेली रेषा एनएलआरला नाही.

अवलिया

सगळं पटलं, तरी एक शंका आहे. सीबीसी होतेच, भागाकाराला वेगळं काही लागत नाही. फुकटात मिळणारी माहिती का टाकून द्यायची? जिथे अँजिओग्राफीची सोय नाही तिथे तरी कोणाला आधी पुढे पाठवायचं हे ठरवायला उपयोग होईल ना?

निळाई

प्रश्न रास्त आहे, पण छातीत दुखणाऱ्या माणसाच्या बाबतीत माझं उत्तर स्पष्ट 'नाही' असं आहे. सोय नसेल तिथेही ईसीजी काढता येतो आणि तो पहिल्या १० मिनिटांत निघायला हवा. अटॅकच्या अगदी सुरुवातीला एनएलआर सामान्य असू शकतो. त्या सामान्य आकड्यावर विसंबून एखाद्याला बसवून ठेवलं तर जाणारा वेळ हृदयाच्या स्नायूचा असतो.

अवलिया

आणीबाणीचं मान्य. मी दीर्घकाळाबद्दल म्हणत होतो. एकाच माणसाचे पाच-सात वर्षांचे सीबीसी असतील, सगळे तब्येत बरी असताना केलेले, आणि आकडा हळूहळू २ वरून ३.५ वर गेला असेल, तर ते बघू नये असं मला वाटत नाही.

टिपकागद

अवलिया, हे मला मान्य आहे. एकाच माणसाचा स्वतःशी तुलना केलेला आकडा दुसऱ्यांशी केलेल्या तुलनेपेक्षा नक्कीच जास्त बोलतो. फक्त तो 'कुठेतरी काहीतरी' इतकंच सांगतो. हिरड्यांचा जुना आजार, वाढलेलं वजन, धूम्रपान, न ओळखलेला मधुमेह, झोपेचा त्रास, कर्करोग, किंवा नुसतं वाढलेलं वय. असा चढ दिसला तर डॉक्टरांना दाखवावा. पण पहिला प्रश्न 'सर्वसाधारण तब्येत कशी आहे' हा हवा, 'किती ब्लॉकेज' हा नको. याच कारणासाठी हृदयाच्या धोक्याकरता उच्चसंवेदी सीआरपी ही दाह मोजणारी रक्तचाचणी जास्त वापरली जाते. तिलाही संसर्गाने भुलवता येतं, पण तिच्या पायऱ्या तरी ठरलेल्या आहेत: १च्या खाली कमी धोका, १ ते ३ मध्यम, ३च्या वर जास्त, आणि १०च्या वर गेली तर दुसरं काहीतरी चाललंय असं समजून काही आठवड्यांनी पुन्हा करायची.

प्रतिपदा

मी लॅब टेक्निशियन आहे. नमुना मशीनवर लावणाऱ्याच्या नजरेतून थोडं लिहिते.

सगळी मशीन सारखी नसतात. थ्री-पार्ट मशीन न्यूट्रोफिल, मोनोसाइट, इओसिनोफिल असं नीट वेगळं करत नाही. आकारावरून तीन ढीग करतं, मधल्या ढिगात सगळं मिसळलेलं असतं. फाइव्ह-पार्टमध्ये पाचही प्रकार वेगळे मिळतात. एका ठिकाणचा एनएलआर दुसऱ्या ठिकाणच्याशी ताडून पाहताना हे आधी विचारा. मोनोसाइट लागणारी गुणोत्तरं तर थ्री-पार्टवरून काढूच नयेत.

पीएलआर आणि एसआयआयचं दुखणं वेगळं. काही जणांच्या रक्तात जांभळ्या झाकणाच्या नळीतल्या ईडीटीए या रक्त गोठू न देणाऱ्या रसायनामुळे प्लेटलेटचे पुंजके होतात. मशीन पुंजका मोजत नाही, प्लेटलेट खोट्याच कमी दिसतात. पुंजक्यांची सूचना आली की आम्ही स्मिअर (काचेवर रक्ताचा पातळ थर) काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघतो. एमपीव्ही, म्हणजे प्लेटलेटचा सरासरी आकार, नळी ठेवून दिली की वाढत जातो, कारण ईडीटीएत प्लेटलेट फुगतात. संध्याकाळी उशिरा लावलेल्या नमुन्याचा एमपीव्ही बघून हृदयाबद्दल बोलणं मला धोक्याचं वाटतं.

आणि घाईघाईत जिने चढून आलेल्या माणसाचं रक्त लगेच घेतलं तर पांढऱ्या पेशी वाढलेल्या येतात. थोडं बसू द्यावं. तुलना करायची असेल तर दरवेळी साधारण एकाच वेळेला रक्त द्या, कॉर्टिसोलच्या चढउताराबरोबर या पेशीही दिवसभर वरखाली होतात.

मृदगंध

मला संधिवात आहे, रूमॅटॉइड. मेथोट्रेक्सेट घेते. दाहच जर रोहिण्यांचं नुकसान करत असेल तर दाह कमी करणाऱ्या औषधांनी हृदय वाचायला हवं ना? माझ्या औषधाचा तसा काही फायदा होत असेल का? हा प्रश्न कितीदा मनात येतो, ओपीडीच्या गर्दीत विचारायला वेळ मिळत नाही.

टिपकागद

मृदगंध, या विषयातला सगळ्यात मोलाचा प्रश्न विचारलात. सविस्तर लिहिते.

'दाह आणि हृदयविकार सोबत दिसतात' इथपर्यंत निरीक्षणं नेतात. दाह कारण आहे का, हे कळायला तो औषधाने कमी करून पाहावं लागतं. ते २०१७च्या कँटोस चाचणीने केलं. पूर्वी हार्ट अटॅक येऊन गेलेले आणि सीआरपी २ किंवा जास्त असलेले १० हजारांहून अधिक रुग्ण घेतले आणि कॅनाकिनुमॅब हे इंजेक्शन दिलं. ते इंटरल्युकिन-१ बीटा हा दाहाचा एक संदेशवाहक अडवतं. कोलेस्टेरॉलला त्याने हातही लावला नाही, तरी १५० मिलिग्रॅमच्या मात्रेने अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण १५ टक्क्यांनी घटलं. दीडशे वर्षांपूर्वीच्या कल्पनेला पहिल्यांदा भक्कम पुरावा मिळाला. हे वाचताना मला आजही भरून येतं. पण प्राणघातक संसर्ग वाढले, एकूण मृत्यू कमी झाले नाहीत, त्यामुळे ते औषध हृदयासाठी वापरात आलं नाही.

त्याच सुमारास सर्ट नावाची चाचणी झाली, तुमच्याच मेथोट्रेक्सेटची, कमी मात्रेत, हृदयरुग्णांवर. फायदा दिसला नाही. पण तिथे सीआरपीही उतरली नव्हती. दाहाच्या वाटा अनेक आहेत, ज्या वाटेने रोहिणीला इजा होते तीच अडवावी लागते. मात्र या चाचणीतल्या लोकांना तुमच्यासारखा संधिवात नव्हता, म्हणून तिचा निष्कर्ष तुम्हाला जसाच्या तसा लावू नका. रूमॅटॉइड असलेल्यांत हृदयविकाराचा धोका मुळातच जास्त असतो, इतका की युरोपच्या मार्गदर्शनानुसार नेहमीच्या धोक्याच्या गणिताला १.५ ने गुणतात. संधिवात नीट आटोक्यात असेल तर हा वाढीव धोकाही कमी राहतो असं निरीक्षणांतून दिसतं. तेव्हा औषध चुकवू नका आणि रक्तदाब, कोलेस्टेरॉल, साखर यांची तपासणी संधिवाताच्या तपासणीइतकीच नेमाने करा.

मग आलं कोल्चिसिन, गाउटचं जुनं औषध, रोज ०.५ मिलिग्रॅम. ते न्यूट्रोफिलची हालचाल मंदावतं, म्हणून या धाग्याशी त्याचं थेट नातं आहे. २०१९च्या कोलकॉट चाचणीत नुकत्याच अटॅक आलेल्यांमध्ये पुढच्या घटना २३ टक्क्यांनी कमी झाल्या. २०२०च्या लोडोको-२मध्ये स्थिर हृदयरुग्णांत ३१ टक्क्यांनी. २०२३मध्ये अमेरिकेत या वापराला मान्यता मिळाली. आणि २०२४मध्ये सुमारे ७ हजार अटॅकच्या रुग्णांवरच्या क्लिअर चाचणीत काहीच फायदा दिसला नाही! त्यामुळे कोणाला द्यावं यावर वाद चालू आहे. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा क्लॅरिथ्रोमायसिनसारखं प्रतिजैविक सोबत असेल तर कोल्चिसिन विषारी ठरू शकतं. कोणीही ते स्वतःहून सुरू करू नये.

एनएलआरकडे परत येते. कँटोस, सर्ट आणि आणखी तीन चाचण्यांतल्या सुमारे ६० हजार लोकांचे आकडे २०२१मध्ये एकत्र तपासले गेले. ज्यांचा एनएलआर सुरुवातीला जास्त होता त्यांना पुढे हृदयाच्या घटना जास्त झाल्या. कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या औषधांनी एनएलआर जवळजवळ हलला नाही, कॅनाकिनुमॅबने तो उतरला. म्हणजे तो कोलेस्टेरॉलपेक्षा वेगळ्याच धोक्याकडे बोट दाखवतो. मला या आकड्याबद्दल आदर आहे तो यासाठी. अशी औषधं कोणाला द्यावीत हे निवडताना उद्या त्याचा उपयोग होऊही शकेल. त्यावर काम व्हायला हवं.

संख्यावेडा

त्या एकत्रित तपासणीचं बळ असं की रक्त आधी घेतलं होतं आणि घटना नंतर घडल्या. अँजिओग्राफीच्या दिवशीच्या एका नमुन्यापेक्षा हा पुरावा कितीतरी वरचा.

आणखी एक. 'सामान्य' एनएलआर सगळ्या लोकसमूहांत सारखा नसतो. अमेरिकेतल्या मोठ्या राष्ट्रीय सर्वेक्षणात सरासरी २.१५ निघाली, पण कृष्णवर्णीयांत १.७६ आणि गोऱ्यांत २.२४. आफ्रिकी वंशाच्या पुष्कळ लोकांत डफी नावाच्या प्रतिजनाच्या जनुकीय फरकामुळे न्यूट्रोफिल जन्मतःच कमी असतात, त्यात आजार काही नाही. एका समूहावर काढलेली सीमारेषा दुसऱ्याला लावण्याआधी हे बघायला हवं.

आडवाट

टिपकागद, निळाई, दोघींचे आभार. वडिलांना चालताना दाब वगैरे नाही, धाप संसर्गाबरोबर आली आणि आता कमी होतेय. तरी मधुमेह आहे म्हणून डॉक्टरांशी ईसीजी आणि एकोबद्दल बोलतो. सीबीसी पुन्हा कधी करावी?

निळाई

चांगलं ठरवलंत. संसर्ग पूर्ण बरा होऊन आणि स्टेरॉईड बंद होऊन तीन-चार आठवडे गेल्यावर करा. संसर्ग गेल्यावरही धाप राहिली तर मात्र सीबीसीसाठी न थांबता आधी दाखवा.

मृदगंध

खूप आभार, पहिल्यांदाच नीट समजलं. जाता जाता एक विचारते. माझ्या रिपोर्टमध्ये आरडीडब्ल्यू १७ आहे, हिमोग्लोबिन १०. आरडीडब्ल्यू जास्त असणं हार्ट फेल्युअरमध्ये वाईट असं वाचलं.

टिपकागद

आरडीडब्ल्यू म्हणजे तांबड्या पेशींच्या आकारात किती असमानता आहे त्याचं माप, साधारण ११.५ ते १४.५ टक्के. हार्ट फेल्युअरच्या रुग्णांत ते जास्त असेल तर पुढचा धोका जास्त, हे २००७पासून माहीत आहे. पण तुमचं हिमोग्लोबिन १० आहे, तेव्हा आधी ते का उतरलं ते पाहू. फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याचं माप), लोह, बी१२ आणि फोलेट तपासून घ्या. दाह असताना फेरिटिन खोटंच वर दिसू शकतं, म्हणून ट्रान्सफेरिन सॅच्युरेशनही सोबत करा. मेथोट्रेक्सेट फोलेटच्या आड येतं, त्यामुळे फॉलिक ॲसिडची गोळी डॉक्टरांनी दिली आहे का आणि ती नियमित घेतली जाते का हेही बघा. एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचा सरासरी आकार, किती आहे तेवढं इथे टाका, म्हणजे लोहाची बाजू आधी तपासायची की बी१२-फोलेटची, ते सांगते.

मृदगंध

एमसीव्ही ७२.

टिपकागद

म्हणजे पेशी लहान आहेत, मग लोह आधी. रक्त कुठे जातंय का, पाळीत जास्त जातं का, शौचाचा रंग काळा असतो का, वेदनाशामक गोळ्या रोज घेता का, हे सगळं या आठवड्यातच डॉक्टरांना सांगा.